एमबीएचं कर्ज काढताय? आधी बाबांचा सिबिल काढा

मार्कशीट, आधार, पॅन, फोटो हे सगळेच सांगतात. पदवीपर्यंत आलात म्हणजे ते तुमच्या फाइलीत असणारच. आधार आणि पॅनवर नाव सारखं आहे ना, तेवढं बघा आणि पुढे चला. धाकट्या बहिणीची यंदा कॅट आहे म्हणून ही यादी लिहायला बसलोय. माझ्या वेळी मी दोन बोटं जाडीची फाइल घेऊन बँकेत गेलो होतो, आणि ज्या कागदावर सगळं अडलं तो माझ्या नावाचा नव्हताच.

बाबांचा सिबिल रिपोर्ट, म्हणजे त्यांच्या नावावरच्या कर्जांचा आणि परतफेडीचा लेखाजोखा. तो आज काढा. कॉलेजचं पत्र यायच्या आधी, जमलं तर परीक्षेच्याही आधी.

शैक्षणिक कर्ज विद्यार्थ्याच्या नावावर असतं, पण सहकर्जदार म्हणून बहुतेक वेळा आई किंवा वडील लागतात, आणि बँक त्यांचीच कुंडली आधी मांडते. मी बाबांना विचारलं होतं, नाही असं नाही. "तुमच्यावर काही कर्ज नाही ना?" बाबा म्हणाले, "आयुष्यात एक रुपया काढला नाही." अगदी खरं होतं. पण आत्याच्या यजमानांच्या टेम्पोच्या कर्जाला ते जामीन होते. हप्ते थांबले, टेम्पो भंगारात गेला, आणि थकबाकी जामीनदाराच्या नावावरही नोंदली गेली. बाबांच्या लेखी जामीन म्हणजे पाहुण्यांसाठी केलेली एक सही. बँकेच्या लेखी ते कर्जच. हे आम्हाला कळलं मॅनेजरसाहेबांच्या स्क्रीनवर, फी भरायला अकरा दिवस उरलेले असताना. आजीची मुदत ठेव मोडून पहिला हप्ता भरला. त्यानंतर आत्याकडे जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

म्हणून प्रश्न नीट विचारा. "कर्ज आहे का" असं नाही, "कुणाला जामीन राहिलात का" असं. आणि उत्तर "नाही" आलं तरी रिपोर्ट काढाच. वडिलांच्या व्यवहारात मुलांनी नाक खुपसायचं नाही अशी आपल्याकडे रीत आहे. ती दोन दिवस बाजूला ठेवा. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत, आणि प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. पैसे मागणाऱ्या ॲपच्या नादी लागू नका. ओटीपी बाबांच्या मोबाइलवर येतो. त्यांनी नंबर बदलला असेल तर तिथेच एक दिवस जातो. स्कोअर ३०० ते ९०० च्या मधला एक आकडा असतो, तो बघून रिपोर्ट मिटू नका. खाली खात्यांची यादी असते, त्यात "गॅरंटर" हा शब्द शोधा. आईचाही रिपोर्ट काढा. तुमचं क्रेडिट कार्ड असेल तर तुमचाही.

काही सापडलं तर? नोंदच चुकीची असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायचा नियम आहे. पण ३० दिवस हातात हवेत ना! थकबाकी खरी असेल तर पूर्ण भरून नो ड्यूज, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचं पत्र, घ्या. तडजोड करून कमी भरलंत तर रिपोर्टवर "सेटल्ड" असा शेरा येतो, आणि तो शेरा बघूनही बँक नाक मुरडते. नाहीतर सहकर्जदार बदला: आईला पगार असेल तर आई, कमावता भाऊ असेल तर तो, चालेल का ते शाखेत आधी विचारा. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलंय की विद्यार्थ्याचा स्कोअर कमी आहे म्हणून शैक्षणिक कर्ज नाकारू नये. ठीक आहे. पण फीची तारीख तोंडावर असताना हायकोर्टात कोण जाणार?

दुसरा कागद उत्पन्नाचा दाखला, तहसीलदारांचा. फॉर्म १६ आहे म्हणून तो टाळू नका. बँकेला फॉर्म १६ आणि आयटी रिटर्न चालतात, पण सरकारी सवलतींना दाखलाच लागतो. सेतूत जून-जुलैत रांगा असतात, त्यामुळे एप्रिल-मे मध्येच काढून ठेवा. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर केंद्राच्या योजनेत शिक्षणाच्या काळातलं व्याज सरकार भरतं. २०२४ च्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सूट आहे, पण कॉलेज त्यांच्या यादीत हवं. मॅनेजमेंट कोट्यातून जाणाऱ्यांनी यातल्या कशावरच भिस्त ठेवू नये.

महाराष्ट्रात कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, प्रवेश असेल आणि आरक्षण नसेल तर राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्तीचा फॉर्म भरा: उत्पन्नाची मर्यादा आठ लाख, मुलांना निम्मी ट्यूशन फी, मुलींना २०२४-२५ पासून पूर्ण. राखीव प्रवर्गांच्या योजना त्याच पोर्टलवर आहेत. खातं आधारला जोडलेलं हवं. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, आपोआप होत नाही. मात्र शिष्यवृत्ती घेतलीत तर पीएम विद्यालक्ष्मीची व्याजसूट मिळत नाही, तेव्हा कागद-पेन घेऊन दोन्हींचा हिशोब करा आणि मग ठरवा.

कॉलेजकडून फीचं पत्रक घ्या, दोन्ही वर्षांचं, होस्टेल-मेस धरून, लेटरहेडवर. त्यात नसलेला खर्च बँक मोजत नाही. चार लाखांच्या वर कर्ज असेल तर साधारण ५ टक्के तुमच्या खिशातून. परदेशी जाणार असाल तर १५. साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण मागत नाहीत. त्याच्या वर मागितलं तर शेतजमीन पुढे करू नका, बहुतेक बँका घेत नाहीत. घर देणार असाल तर वकिलाचा सर्च रिपोर्ट आणि मूल्यांकन यात आठवडे जातात. आयआयएमसारख्या संस्थांना काही बँका जास्त रक्कमही विनातारण देतात.

अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवर, पण ऑनलाइन भरून गप्प बसू नका. कायमच्या पत्त्याजवळच्या शाखेत जा, पोचपावती घ्या. आणि अर्जाआधी बाबांचा रिपोर्ट हातात आहे ना? पाच बँकांत एकदम अर्ज टाकू नका, प्रत्येक चौकशी रिपोर्टवर दिसते.

मंजुरीपत्र नीट वाचा: विम्याचा हप्ता कर्जात घुसवलाय का, व्याजदर फ्लोटिंग, म्हणजे बदलता, आहे का. पैसे थेट कॉलेजला जातात. परतफेड कोर्सनंतर साधारण वर्षभराने सुरू होते, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं. शिकताना भरत राहिलात तर काही बँका एक टक्का कमी करतात. या व्याजावर आयकरात मिळणारी ८०ई ची सूट जुन्या करप्रणालीतच.

बहिणीचा फॉर्म भरून झालाय. रविवारी बाबांना घेऊन बसणार आहे, त्यांच्या फोनसकट. आणि या वेळी आईच्या माहेरच्यांचंही विचारणार आहे.