थेट कार्यक्रमासाठी गिटारचे स्पीकर कॅबिनेट निवडताना या चुका टाळा

गिटार आणि ॲम्प यांच्या निवडीवर वादक महिनोन्महिने विचार करतात. ज्यातून प्रत्यक्ष आवाज बाहेर पडतो ते कॅबिनेट मात्र बहुधा आकार पाहून, किंवा छोट्या खोलीत चार सूर वाजवून ठरवले जाते. मंचावर पुढे उद्भवणाऱ्या बऱ्याच तक्रारींचे मूळ इथेच असते. कॅबिनेटची पारख ते सुटे पाहून होत नाही. ते कोणत्या ॲम्पला जोडले जाणार, मंचावर कुठे राहणार आणि त्याचा आवाज श्रोत्यांपर्यंत थेट जाणार की मायक्रोफोनमधून, या तीन प्रश्नांची उत्तरे खरेदीच्या आधी हाताशी हवीत.

ओहमचा हिशेब न करणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. गिटारची कॅबिनेट साधारणपणे 4, 8 किंवा 16 ओहम इम्पिडन्सची (म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाची) असतात. काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या ट्यूब ॲम्पमध्ये ट्यूब आणि स्पीकर यांच्यामध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो आणि ठरावीक ओहमचा भार गृहीत धरूनच त्याची रचना केलेली असते. म्हणून ॲम्पच्या मागचा ओहमचा खटका आणि कॅबिनेटचा आकडा जुळलाच पाहिजे. कॅबिनेट न जोडता ट्यूब ॲम्प वाजवला, तर ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज धोकादायक पातळीपर्यंत चढून त्याचे इन्सुलेशन जळू शकते. त्यामुळे आधी स्पीकरची केबल आणि मगच विजेचे बटण, हा क्रम कधीही मोडू नये. सॉलिड-स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या ॲम्पचे गणित निराळे आहे. त्याला किमान ओहमची मर्यादा दिलेली असते आणि त्याहून कमी ओहमचा भार घातक ठरतो. जास्त ओहमचे कॅबिनेट त्याला चालते, फक्त ताकद घटते: 4 ओहमसाठी बनवलेल्या ॲम्पला 8 ओहमचे कॅबिनेट लावले की साधारण निम्मी.

दोन कॅबिनेट लावताना गोंधळ वाढतो. ॲम्पच्या मागचे दोन स्पीकर जॅक बहुतेक वेळा आतून समांतर जोडलेले असतात. त्यामुळे 8 ओहमची दोन कॅबिनेट मिळून 4 ओहम होतात, 16 ओहमची दोन मिळून 8. 8 आणि 16 ओहमची जोडी लावली तर एकूण भार सुमारे 5.3 ओहम येतो, तो कोणत्याच खटक्याशी नीट जुळत नाही. शिवाय दोन-तृतीयांश ताकद 8 ओहमच्या कॅबिनेटकडे जाते आणि दुसरे दबून वाजते. चार स्पीकरांच्या काही कॅबिनेटच्या मागे 4 ओहम, 16 ओहम आणि 'स्टिरिओ' असे पर्याय असतात. स्टिरिओवर खटका राहिला आणि एकच केबल लावली, तर चारपैकी दोनच स्पीकर वाजतात आणि ॲम्पला 8 ओहमचा भार दिसतो. जुने कॅबिनेट घेताना मागच्या चिठ्ठीवर विसंबू नये. त्याच्या जॅकमध्ये केबल लावून दुसऱ्या टोकाला मल्टिमीटरने रोध मोजावा: 8 ओहमचे कॅबिनेट साधारण 6 ते 7 ओहम दाखवते, 16 ओहमचे 12 ते 13. आकडा यापासून फार दूर असेल, तर आतला एखादा स्पीकर बदललेला, तुटलेला किंवा चुकीचा जोडलेला आहे असे समजावे.

वॅट म्हणजे आवाजाची मोठाई, असे समजणे

स्पीकरवरचा वॅटचा आकडा तो किती ताकद सोसू शकतो एवढेच सांगतो. तो किती मोठा वाजेल हे त्याच्या संवेदनशीलतेवर ठरते; एक वॅट दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल मिळतात, यावर ती मोजली जाते. सेलेस्टियनचा जी12टी-75 हा 75 वॅट आणि 97 डेसिबलचा स्पीकर आहे, तर त्याच कंपनीचा व्हिंटेज 30 हा 60 वॅट आणि 100 डेसिबलचा. म्हणजे कमी वॅटचा व्हिंटेज 30 त्याच ॲम्पवर 3 डेसिबल अधिक देतो. 3 डेसिबलची वाढ ॲम्पकडून हवी असेल, तर त्याची ताकद दुप्पट करावी लागते. मंचावर आवाज कमी पडतो म्हणून मोठा ॲम्प शोधणाऱ्याने आधी हा आकडा वाचावा.

सोसण्याच्या बाबतीत मात्र कंजुषी करू नये. 50 वॅटचा ट्यूब ॲम्प आवाज पूर्ण वाढवून वाजवला की लिहिलेल्या आकड्यापेक्षा बरीच जास्त ताकद बाहेर टाकतो. सेलेस्टियनचे 25 वॅटचे चार ग्रीनबॅक स्पीकर असलेले कॅबिनेट त्याला सहज पुरते, पण त्यातला एकच ग्रीनबॅक छोट्या पेटीत बसवून तोच ॲम्प लावला, तर व्हॉइस कॉइल (स्पीकरचा पडदा हलवणारे तारेचे वेटोळे) जळणे हा फक्त वेळेचा प्रश्न उरतो. एकाच कॅबिनेटमध्ये समान ओहमचे, पण वेगवेगळ्या क्षमतेचे दोन स्पीकर असतील, तर एकूण क्षमता त्यांच्या बेरजेइतकी धरता येत नाही. लहान आकड्याच्या दुप्पट धरावी.

आवाज सगळीकडे सारखाच जातो, असे गृहीत धरणे

या मुद्द्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि माझ्या मते मंचावरच्या वाईट आवाजाचे हेच मुख्य कारण असते. ध्वनीची तरंगलांबी स्पीकरच्या व्यासाहून लहान झाली की तो पसरण्याऐवजी सरळ रेषेत जाऊ लागतो. 1000 हर्ट्झला तरंगलांबी सुमारे 34 सेंटिमीटर असते, 3000 हर्ट्झला जेमतेम 11 सेंटिमीटर, आणि बारा इंची स्पीकरचा व्यास 30 सेंटिमीटर. साहजिकच गिटारचा खर्ज चोहीकडे पसरतो, पण वरचे टोकदार सूर झोतासारखे समोरच जातात. आता मंचावर काय घडते ते पाहा. कॅबिनेट जमिनीवर, वादक त्याच्यापुढे हातभर अंतरावर, म्हणजे झोत त्याच्या गुडघ्यांवर. त्याच्या कानाला आवाज बोथट लागतो, म्हणून तो ट्रेबल वाढवतो, आणि पहिल्या रांगेत नेमके समोर बसलेल्यांच्या कानांना तो आवाज टोचू लागतो. मग साउंड इंजिनिअर आवाज कमी करायला सांगतो आणि वादकाला वाटते की त्याला गिटारची कदरच नाही.

यावर उपाय सोपे आहेत. कॅबिनेट तिरपे करून झोत स्वतःच्या कानांकडे वळवावा, किंवा ते स्टँडवर उचलून ठेवावे. उचलल्यावर जमिनीमुळे फुगलेला खर्जही आटोक्यात येतो. दोन स्पीकरांचे कॅबिनेट उभे ठेवल्यास वरचा स्पीकर कानाच्या जवळ येतो आणि आवाज आडव्या दिशेने अधिक रुंद पसरतो. म्हणून 2×12, म्हणजे बारा इंची दोन स्पीकरांचे कॅबिनेट घेताना ते उभे ठेवण्याची सोय आहे की नाही, पाय आणि मूठ कुठे आहेत, हे पाहून घ्यावे.

बंद पाठीच्या कॅबिनेटचा खर्ज घट्ट असतो आणि आवाज मुख्यतः पुढे जातो. उघड्या पाठीच्या कॅबिनेटमधून आवाज मागेही जातो. तो ढोलकवादकाला किंवा ड्रमरला उपयोगी पडतो, पण पुढच्या आणि मागच्या लहरी एकमेकींना छेद देत असल्याने खर्ज पातळ होतो. असे कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवले, तर त्याचा स्वभावच बदलतो. वेगाने तोडून वाजवल्या जाणाऱ्या जड, डिस्टॉर्शन लावलेल्या सुरांना बंद पाठ मानवते, स्वच्छ आणि मोकळ्या सुरांना उघडी पाठ.

गरजेपेक्षा मोठे कॅबिनेट घेणे

1960च्या दशकाच्या मध्यात एकावर एक रचलेली 4×12 कॅबिनेट मंचावर आली, तेव्हा पीए (सभागृहाची ध्वनिक्षेपण यंत्रणा) मुख्यतः गायकांसाठी असे आणि गिटारला स्वतःच्याच बळावर सभागृह भरावे लागे. आज बहुतेक ठिकाणी कॅबिनेटसमोर मायक्रोफोन लावला जातो, आणि तो एकाच स्पीकरचा आवाज टिपतो. उरलेले तीन स्पीकर मंचावर गोंगाट वाढवतात आणि गायकाच्या मायक्रोफोनमध्ये शिरतात. नियमित कार्यक्रम करणाऱ्याला मी चांगले 1×12 किंवा 2×12 सुचवेन. वजनाचा विचारही खरा आहे: 4×12 कॅबिनेट 35 किलोंच्या पुढे सहज जाते. निओडिमियम चुंबकाचे स्पीकर बरेच हलके असतात. व्हिंटेज 30 सुमारे 4.7 किलोंचा आहे, तर निओ क्रीमबॅक 2 किलोंच्या आत.

मॉडेलर, म्हणजे ॲम्प आणि कॅबिनेटच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारे यंत्र वापरणाऱ्यांची एक वेगळी चूक असते. गिटारचा स्पीकर साधारण 5000 हर्ट्झच्या वरचे सूर स्वतःच गाळतो. मॉडेलरमधील कॅबिनेटची प्रतिकृती चालू ठेवून तो खऱ्या गिटार कॅबिनेटला जोडला, तर गाळणी दोनदा लागते आणि आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो. अशा वेळी प्रतिकृती बंद करावी. ती चालूच ठेवायची असेल, तर पूर्ण पट्ट्याचा, म्हणजे खालपासून वरपर्यंतचे सगळे सूर वाजवणारा स्पीकर घ्यावा.

ॲम्प आणि कॅबिनेट यांच्यामध्ये गिटारची केबल कधीही वापरू नये. तिच्यातली मधली तार बारीक असते, ती तापते आणि तुटली तर ट्यूब ॲम्प भाराविना राहतो.

आवाज बिघडला तर

दोन स्पीकर असूनही खर्ज पोकळ वाटत असेल, तर एकाच्या तारा उलट जोडलेल्या असण्याची शक्यता मोठी. कॅबिनेट ॲम्पपासून सोडवावे, जॅकमध्ये केबल लावावी आणि दुसऱ्या टोकाच्या प्लगला 1.5 व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा: धन बाजू टोकाला, ऋण बाजू बाहेरच्या भागाला. सगळे कोन (स्पीकरचे शंकूच्या आकाराचे पडदे) एकाच दिशेला हलले पाहिजेत. एखादा उलटा हलला, तर त्याच्या तारांची अदलाबदल करावी. काही जुन्या जेबीएल स्पीकरांची ध्रुवता मुळातच उलट असते, त्यामुळे ते इतरांसोबत बसवताना ही चाचणी टाळू नये.

ठरावीक सुरालाच खरखर येत असेल, तर स्पीकरला दोष देण्याआधी स्क्रू, मूठ, ग्रिलचे कापड आणि कोनला टेकणारी आतली तार तपासावी. त्यानंतर बोटे पसरून कोन सर्व बाजूंनी सारखा, अगदी हलकेच आत दाबावा. घासल्याचा आवाज आला, तर व्हॉइस कॉइल जागेवरून सरकली आहे आणि तो स्पीकर दुरुस्तीला द्यावा लागेल; आवाज आला नाही, तर कोनच्या कडेला बारीक चीर आहे का, हे मागून दिव्याचा उजेड टाकून पाहावे.