एलएलबी करताना या चुका टाळा

'निकाल लागला की बघू.' लॉच्या शेवटच्या वर्षापर्यंत हेच म्हणणारे दरवर्षी भेटतात. मग सनद (वकिलीचा परवाना), एआयबीई (वकिलांची अखिल भारतीय परीक्षा), हाताखाली काम शिकायला सिनियर वकील शोधणे, घरच्यांचे प्रश्न, सगळे एकदम अंगावर येते.

सगळ्यात महागात पडते ती कागदावरची इंटर्नशिप. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या कोर्सला किमान 12 आणि पाच वर्षांच्या कोर्सला 20 आठवडे लागतात, आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त चालत नाही. त्यामुळे शेवटी एकदम उरकू म्हटले तरी जमत नाही आणि ओळखीच्या वकिलांकडून सर्टिफिकेट आणले जाते. मीही एक असेच आणले होते. पुढे सिनियरांनी पहिल्याच आठवड्यात 'पुरसिस (कोर्टाला द्यायचे छोटे लेखी निवेदन) लिहून दे' म्हटले आणि मी नुसती फाईल चाळत राहिलो.

पहिल्याच सुट्टीत दिवाणी कोर्टात बसा. सकाळी बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) पाहून तीनच प्रकरणे निवडा, जे घडले ते वहीत लिहा, नंतर कोर्टांच्या ई-कोर्ट्स या संकेतस्थळावरच्या नोंदीशी ताडून बघा. पुढच्या वर्षी फर्म किंवा कंपनीचे लीगल खाते. कोर्टाची धावपळ मानवते की कराराचे मसुदे, हे क्लासमध्ये कळत नाही. उशीर झालाच असेल तर ट्रायल आणि अपिलाचे काम करणाऱ्या वकिलांकडचे आठवडे आधी भरा. त्यांच्याकडे एकदा तरी गेलेच पाहिजे, असा नियम आहे.

दुसरा घोळ 'डिग्री झाली की थेट जेएमएफसी (कनिष्ठ न्यायाधीशपदाची परीक्षा)' हा. 20 मे 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक केली. ही वर्षे तात्पुरत्या सनदेपासून मोजायची आहेत. क्लास लावून वर्षभर सनदच न काढणाऱ्याचे ते वर्ष फुकट जाते. शिवाय अनुभवाचा दाखला किमान दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलाचा लागतो, तेव्हा सिनियर निवडताना हेही विचारून घ्या. ज्युनियरशिपच्या काळात हातात फार काही पडत नाही, हे घरी आत्ताच सांगून ठेवलेले बरे.

वरच्या बॅचची जुनी गाइडे घेऊन अभ्यास करणेही नडते. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या (आयपीसी) जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. खुनाच्या शिक्षेचे कलम 302 आता 103 झाले, फसवणुकीचे 420 आता 318 मध्ये गेले. पण म्हणून आयपीसी रद्दीत टाकू नका. त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच कायद्याने चालतात. दोन्ही बेअर अ‍ॅक्ट (कायद्याचा नुसता मूळ मजकूर) शेजारी ठेवून कलमांचा तक्ता स्वतः बनवा, छापील घेऊ नका.

आणि इंग्रजीच्या धास्तीपायी मराठी सोडू नका. तालुक्याच्या कोर्टात दावा आणि कैफियत (दाव्याला दिलेले लेखी उत्तर) बहुधा मराठीतच असते. आठवड्याला एक जोडी वाचायला सिनियरांकडून मागून घ्या.