नाश्ता रोज वेगळा, तरी अकराला भूक? या चुका टाळा

सोमवारी पोहे, मंगळवारी उपमा, बुधवारी शिरा, गुरुवारी उपास म्हणून साबुदाण्याची खिचडी. आमच्या घरी कित्येक वर्षं हाच क्रम होता आणि आपण रोज वेगळं करतो याचं मला समाधानही होतं. तरी अकरा वाजले की सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडायचे. मग एकदा कागदावर लिहून काढलं: तांदूळ, रवा, पुन्हा रवा, साबुदाणा. चवी चार, पण चारही दिवस पोटात मुख्यतः पिष्टच. माझ्या मते पदार्थ बदलला म्हणजे आहार बदलला असं समजणं, हीच सगळ्यात मोठी चूक.

पोहे सोडू नका, त्यांना सोबत द्या

एका बशीला साधारण 50 ग्रॅम कोरडे पोहे लागतात. त्यातून प्रथिनं मिळतात जेमतेम तीन-साडेतीन ग्रॅम. शोभेपुरते पाच-सहा शेंगदाणे टाकून काही होत नाही. माणशी 25 ग्रॅम, म्हणजे लहान मूठभर घाला, की आणखी सहा ग्रॅम पडतात. मटार किंवा वाफवलेले मोडाचे मूग घाला, नाहीतर बाजूला उकडलेलं अंडं किंवा वाटीभर दही ठेवा. उपम्यातही हेच करता येतं. शिरा आणि साबुदाणा मात्र कधीमधीच बरे.

लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा. उष्णतेनं क जीवनसत्त्व कमी होतं आणि धान्य-भाज्यांतलं लोह अंगी लागायला तेच मदत करतं. इथेच दुसरी चूक होते, पोह्यांबरोबरच चहा. चहातले टॅनिन लोह शोषू देत नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांतही जेवणाआधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे. घरात कुणाचं हिमोग्लोबिन कमी असेल तर हे नक्की पाळा. सकाळी चहाशिवाय चालतच नसेल तर उठल्यावर घ्या आणि नाश्ता तासाभरानं करा. चहा-बिस्किटांवर सकाळ काढणं हा नाश्ता नव्हेच, त्यात मैदा आणि साखरेपलीकडे फारसं काही नसतं.

पोहे कोरडे होत असतील तर ते भिजवण्यात चुकतंय. जाड पोहे रोवळीत धुऊन निथळत ठेवा. दहा मिनिटांनी एक पोहा चिमटीत दाबून बघा, सहज मोडला पाहिजे. कडक लागला तर पाण्याचा हबका मारा. फोडणीत टाकल्यावर झाकण ठेवून दणदणीत वाफ येऊ द्या.

वेगळं करायला गेलं की बिघडतं, म्हणून परत पोहेच

थालीपीठ खरं तर किती गुणी! भाजणीत ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद सगळं एकत्र येतं. ते थापताना चिरत असेल तर पीठ कोमट पाण्यानं मळून दहा मिनिटं झाका. कांदा मात्र थापायच्या वेळीच घाला, आधी घातला तर पाणी सुटून पीठ सैल पडतं. कडवट लागलं तर भाजणी जुनी झाली आहे. दोन-तीन महिन्यांची भाजणी एकदम दळून आणू नका.

घावन तव्याला चिकटतं ते बहुधा तवा पुरेसा तापलेला नसल्यामुळे. बिडाच्या तव्यावर तेलात बुडवलेला अर्धा कांदा फिरवा. पीठ ताकासारखं पातळ हवं आणि दर वेळी तळापासून ढवळायचं, कारण तांदळाचं पीठ खाली बसतं.

नाचणीच्या आंबिलीत गुठळ्या होतात, कारण पीठ थेट उकळत्या पाण्यात पडतं. आधी गार पाण्यात किंवा ताकात कालवा, मग उकळत्या पाण्यात ओतत ढवळा. नाचणीत 100 ग्रॅममागे 300 मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. दूध न पिणाऱ्या मुलांच्या आयांनी ही आंबील आठवड्यातून दोनदा तरी करावी असं मला मनापासून वाटतं.

मुगाला वास येतो, चिकटपणा येतो तो फडक्यात पाणी राहिल्यामुळे. भिजवलेले मूग पूर्ण निथळा आणि मगच बांधा. थंडीत मोड यायला जास्त वेळ लागतो, पुरचुंडी उबेला ठेवा. लहान मुलांना आणि गरोदर बाईला कच्चे मोड देऊ नका, नीट शिजवूनच द्या.

सकाळी ठरवायला बसू नका

सकाळी सात वाजता डबा आणि शाळेची गाडी यांच्या मध्ये वेगळं काही सुचत नाही, मग हात रव्याच्या डब्याकडेच जातो. रात्री ओटा आवरतानाच मूग भिजवा, आंबोळीचं पीठ वाटून ठेवा, कांदा चिरून डब्यात भरा. ही दहा मिनिटं घरातल्या कुणीही द्यावीत, ते एकट्या बाईचं काम नाही.

आणि मूल सकाळी खायलाच तयार नसेल तर रागावण्याआधी रात्रीचं जेवण किती वाजता होतं ते बघा. दहाला जेवलेल्या पोराला सातला भूक कुठून लागणार? जेवण आठवर आणून बघा. तोवर केळं आणि थोडे भाजलेले शेंगदाणे डब्यात द्या, मधल्या सुट्टीत खाईल.