पोस्ट आपोआप जाऊ द्या, पण लिंकला खूण बांधून

नवा लेख किंवा व्हिडिओ टाकला की तीच लिंक पाच ठिकाणी हाताने चिकटवत बसणं जिवावर येतं. आठवडाभर उत्साह टिकतो, मग एकेक ठिकाण सुटत जातं. हे काम सॉफ्टवेअरवर खुशाल सोपवावं. पण बहुतेक जण आधी शेड्युलर, म्हणजे ठरल्या वेळी पोस्ट टाकणारं सॉफ्टवेअर, लावतात आणि महिन्याभराने विचारतात, यातून वाचक नेमके कुठून आले? तोवर उशीर झालेला असतो, कारण वाचक कुठून आला ते सांगणारी खूण कुठल्याच लिंकवर नसते. म्हणून मी आधी मोजणीची सोय करायला सांगते आणि मग ऑटोमेशन.

मोजणी बसवा

वेबसाइट असेल तर साइटवरच्या भेटी मोजणारं गूगल अ‍ॅनालिटिक्स लावा, तेही आजच. ते फुकट आहे. सध्या चालते ती आवृत्ती जीए ४. जुन्या युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्सच्या मोफत आवृत्तीने १ जुलै २०२३ पासून नवी नोंद घेणं थांबवलं, तेव्हा त्यावरचे जुने धडे वाचत बसू नका. वाचकांची माहिती स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायची असेल तर मॅटोमो हे तसंच मोजणीचं सॉफ्टवेअर चांगलं आहे. जीए ४ बसवलंत की लगेच अ‍ॅडमिनमध्ये जाऊन डेटा रिटेन्शन, म्हणजे तपशील किती काळ साठवायचा ती मुदत, २ महिन्यांवरून १४ महिन्यांवर न्या. नाहीतर पुढच्या वर्षी तपशिलात शिरून तुलना करायला गेलात की मागचं काही सापडणार नाही.

लिंकला खूण बांधा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि हीच लोक गाळतात. लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन तीन गोष्टी जोडायच्या: यूटीएम सोर्स, म्हणजे वाचक कुठून आला, यूटीएम मीडियम, म्हणजे कुठल्या प्रकारच्या वाटेने आला, आणि यूटीएम कॅम्पेन, म्हणजे कुठल्या निमित्ताने. यूटीएममधला ‘यू’ अर्चिन या कंपनीच्या नावातला. ती गूगलने २००५ मध्ये विकत घेतली आणि तिच्याच सॉफ्टवेअरमधून पुढे अ‍ॅनालिटिक्स उभं राहिलं. लिंक हाताने जोडायची गरज नाही, गूगलचा कॅम्पेन यूआरएल बिल्डर ती तयार करून देतो.

दोन पथ्यं मात्र पाळा. एक, सगळं इंग्रजी लहान अक्षरांत लिहा. फेसबुकचं पहिलं अक्षर एकदा कॅपिटल आणि एकदा लहान टाकलं, तर अहवालात दोन वेगळ्या ओळी दिसतात आणि बेरीज आपल्याला करावी लागते. दोन, मीडियममध्ये मनाला येईल तो शब्द घालू नका. ‘सोशल’ किंवा ‘ईमेल’ असे ठरलेले शब्द घातले तर जीए ४ ती भेट योग्य गटात टाकतं, नाहीतर ‘अनअसाइन्ड’मध्ये, म्हणजे कुठल्याच गटात न बसलेल्या भेटींत, ढकलू शकतं. ठरवलेले शब्द एका शीटमध्ये लिहून ठेवा आणि दर वेळी तिथूनच उचला.

व्हॉट्सअ‍ॅपसाठी तर खूण हवीच हवी. तिथून आलेला वाचक बहुधा ‘डायरेक्ट’मध्ये मोजला जातो, म्हणजे कुणीतरी पत्ता स्वतः टाइप करून आल्यासारखा. मराठीत लेख फिरतात ते मुख्यतः ग्रुपांमधून, आणि नेमकी तीच वाट अहवालात दिसत नाही. ग्रुपसाठी वेगळी खूण बांधलेली लिंक द्या; ती पुढे कितीही फॉरवर्ड झाली तरी खूण सोबत जाते. स्वतःच्या साइटच्या आतल्या लिंकांना मात्र यूटीएम लावू नका, वाचक मुळात कुठून आला याचा हिशेब बिघडतो.

प्रिव्ह्यू तपासा

लिंकसोबत दिसणारं चित्र आणि शीर्षक ओपन ग्राफ टॅगमधून, म्हणजे पानाच्या कोडमधल्या खास ओळींतून, येतं. चित्र १२०० बाय ६३० पिक्सेलचं ठेवा. चित्र बदलूनही जुनंच दिसत असेल तर फेसबुकच्या शेअरिंग डीबगरमध्ये लिंक टाकून पुन्हा वाचायला लावा.

आता ऑटोमेशन

फक्त फेसबुक आणि इन्स्टाग्राम असेल तर मेटा बिझनेस सूट पुरे, पोस्टची वेळ त्यातच लावता येते. ठिकाणं वाढली तर बफर किंवा हूटसुइट यांसारखा शेड्युलर घ्या. नवा लेख येताच पोस्ट तयार व्हावी असं वाटत असेल तर साइटचं आरएसएस फीड, म्हणजे नव्या लेखांची आपोआप बनणारी यादी, झेपियर किंवा इफ्ट (IFTTT) या दोन सेवा एकमेकींना जोडणाऱ्या साधनांपैकी एकाला जोडा. पण ती पोस्ट थेट प्रसिद्ध होऊ देऊ नका, आधी मसुद्यात किंवा रांगेत येऊ द्या. शीर्षकातली चूक तुमच्या आधी पाच ठिकाणी पोहोचली तर ती निस्तरायला लागणारा वेळ वाचवलेल्या वेळेपेक्षा जास्त असतो. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही, त्यामुळे तिथला मजकूर वेगळाच लिहावा लागतो.

एकदा माझ्या पोस्ट जवळपास तीन आठवडे कुठेच जात नव्हत्या. खात्याचा पासवर्ड बदलला आणि शेड्युलरला दिलेली परवानगी तुटली. इशारा आला होता, पण मी न बघणाऱ्या ईमेलवर. वाचक ‘नवीन काही लिहीत नाही का?’ असं विचारू लागले तेव्हा कळलं, आणि फार वाईट वाटलं. तेव्हापासून दर सोमवारी प्रत्येक खातं स्वतः उघडून शेवटची पोस्ट कधीची आहे ते बघते. मोठी दुर्घटना घडली की रांग लगेच थांबवते. अशा दिवशी आपली जाहिरातवजा पोस्ट आपोआप जाणं वाचकाला टोचतं.

आकडे वाचताना

रीच म्हणजे किती जणांना दिसलं, इम्प्रेशन म्हणजे किती वेळा दिसलं. ही गल्लत टाळा. समजा एका पोस्टचा रीच ५,००० आहे आणि तिथून २० जण साइटवर आले, दुसरीचा रीच ६०० आणि आले ४५. मी दुसरीसारखी पोस्ट पुन्हा लिहीन. पुढे जीए ४ मधली ‘एंगेज्ड सेशन’ बघा: वाचक १० सेकंदांपेक्षा जास्त थांबला, दोन पानं पाहिली किंवा तुम्ही ठरवलेली महत्त्वाची कृती केली, तरच ती भेट त्यात धरतात. पोस्ट टाकल्या दिवशीच निष्कर्ष काढू नका, अहवाल पक्का व्हायला २४ ते ४८ तास लागू शकतात.

महिनाअखेरीस एकच गोष्ट बदला, पोस्टची वेळ किंवा चित्र. दोन्ही एकदम बदललीत तर फरक कशाने पडला ते कळणार नाही.