टॉर्शन बारची गाडी पुढून किती उचलावी आणि कशी

२०१० साली आलेल्या महिंद्रा थारच्या सीआरडीई (कॉमन रेल डिझेल इंजिनाच्या) मॉडेलमध्ये पुढे टॉर्शन बारचे स्वतंत्र सस्पेन्शन आणि मागे पाटे (लीफ स्प्रिंग) होते. २०२० च्या नव्या थारमध्ये त्यांची जागा कॉइल स्प्रिंगने घेतली. जुनी थार बाळगणारे बरेच जण लोखंडी बंपर किंवा विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारे दोराचे यंत्र) बसवतात आणि काही दिवसांनी गाडीचे नाक खाली आलेले त्यांच्या लक्षात येते. ते वर घेण्याची सोय कंपनीनेच दिलेली आहे, परंतु तिला मर्यादा आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय बोल्टला पाना लावू नये.

टॉर्शन बार म्हणजे चासीच्या लांबीला समांतर बसवलेली स्प्रिंग स्टीलची कांब. तिचे एक टोक कंट्रोल आर्मला, म्हणजे चाकाला धरून वर-खाली हलणाऱ्या दांड्याला, जोडलेले असते आणि दुसरे टोक चासीवरील अँकर आर्ममध्ये बसते. चाक वर गेले की कांब पिळली जाते आणि तो पीळच गाडीचे वजन पेलतो. अँकर आर्मचा अॅडजस्टिंग बोल्ट आवळला की गाडी वर येते. बार आवळल्याने सस्पेन्शन कडक होते, हा समज चुकीचा आहे. गाडीचे वजन तेवढेच असल्यामुळे उभ्या गाडीत कांबेला पडणारा पीळही जवळजवळ तेवढाच राहतो. बदलतो तो फक्त कंट्रोल आर्मचा कोन. तरीही जास्त उचललेली गाडी आदळते, कारण चाकाला खाली जायला जागाच उरलेली नसते. खड्डा आला की आर्म खालच्या प्रवासाच्या रबरी स्टॉपवर धाडकन आपटतो.

म्हणून आधी मोजमाप करावे. सपाट जमिनीवर टायरमध्ये योग्य हवा भरून गाडी उभी करावी, पुढचा भाग दोन-चार वेळा दाबून सोडावा आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे उभे अंतर चारही चाकांपाशी मोजून लिहून ठेवावे. जमिनीपासून मोजल्यास टायरच्या झिजेचा फरक त्यात मिसळतो. त्यानंतर पुढची चाके लोंबकळतील इतकी गाडी उचलून तेच अंतर पुन्हा मोजावे. या दोन आकड्यांमधील फरक म्हणजे चाकाचा खाली जाण्याचा प्रवास होय. समजा तो ७० मिमी भरला, तर २५ मिमी उचलल्यावर ४५ मिमीच उरतो आणि ५० मिमी उचलल्यावर अवघा २० मिमी. माझ्या मते या प्रवासाच्या एक तृतीयांशाहून अधिक कधीही खर्च करू नये. त्याहून उंच गाडी हवी असेल तर बोल्टच्या मागे न लागता पूर्ण लिफ्ट किटचा विचार करावा, मात्र नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या बदलांवर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे बंधन आहे, हेही ध्यानात ठेवावे.

कंट्रोल आर्मचे बुश (सांध्यातील रबरी नळ्या) आणि बॉल जॉइंट (गोळ्याचे सांधे) झिजले असतील तर ते आधी बदलावेत. एकाच बाजूने गाडी कलली असेल तर मागचा पाटाही तपासावा, कारण दोष पुष्कळदा तिथेच सापडतो.

काम करताना मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत आणि गाडी चासीखाली जॅक स्टँडवर ठेवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. कोकणात वापरलेल्या गाडीत खाऱ्या हवेने बोल्ट गंजलेला असतो, तेव्हा आदल्या दिवशीच आट्यांवर गंज सोडवणारे तेल मारावे. बोल्टच्या आट्या किती बाहेर आहेत ते व्हर्नियरने मोजावे, दोन्ही बोल्टांवर रंगाची खूण करावी आणि मगच लॉकनट सैल करावा. चाके लोंबकळत असताना कांबेवरचा ताण कमी असतो, त्यामुळे बोल्ट फिरवणे सोपे जाते आणि आट्याही खराब होत नाहीत. पण ताण पूर्ण गेलेला नसतो, म्हणून बोल्ट पूर्ण काढण्याचा प्रयत्न कुणीही करू नये; त्यासाठी ताण उतरवण्याचे वेगळे अवजार लागते आणि ते हाताशी नसताना निसटलेला अँकर आर्म हाड मोडू शकतो.

दोन्ही बाजूंना एक-एक आटा आवळावा, गाडी खाली घ्यावी, थोडी पुढे-मागे चालवून चाके स्थिर होऊ द्यावीत आणि मोजावे. स्टँडवरून उतरवल्याबरोबर घेतलेले माप खोटे येते, कारण टायर जमिनीला घट्ट धरून आत-बाहेर सरकलेला नसतो. एका बाजूला केलेला बदल दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या स्टॅबिलायझर बारमुळे दुसऱ्या बाजूलाही थोडा दिसतो, म्हणून दोन्ही मापे जुळवायला वेळ लागतो. घाई करू नये. मापे जुळली की लॉकनट आवळावा.

त्यानंतर चाके पुन्हा लोंबकळवून ब्रेकचे होज ताणले जात नाहीत ना, शॉक अॅब्झॉर्बर आर्मच्या स्टॉपआधीच पूर्ण उघडत नाही ना आणि फोर बाय फोर गाडीत एक्सलचे रबरी बूट घड्यांपाशी घासत नाहीत ना, हे पाहावे. यांपैकी एकही खूण दिसली तर उंची कमी करावी.

आर्मचा कोन बदलल्यामुळे टो (वरून पाहता चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) आणि कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) दोन्ही बदलतात, त्यामुळे त्याच दिवशी व्हील अलाइनमेंट करून घ्यावे. ते टाळल्यास पुढचे टायर एका कडेने झिजतात. नाक वर गेल्याने हेडलाइटचा झोतही वर जातो आणि घाटात समोरून येणाऱ्या चालकाचे डोळे दिपतात, तेव्हा तोही खाली घ्यावा. काही दिवसांच्या वापरानंतर तीच चार मापे पुन्हा घ्यावीत आणि गाडी थोडी बसली असल्यास अर्धा आटा आवळावा.