पहिला लाल शेरा

आमच्या गल्लीतल्या एका मुलीने या जूनमध्ये ऑनलाइन लिलावात वस्तू विकायला सुरुवात केली. तिसऱ्याच आठवड्यात रात्री साडेदहाला ती फोन हातात घेऊन आमच्या दारात उभी. "काकू, पाहा नं काय लिहिलं यानं." डोळे भरलेले. एका गिऱ्हाइकाने तिला लाल शेरा, म्हणजे वाईट अभिप्राय, दिला होता आणि खाली तीन शब्द लिहिले होते. त्यातला एक 'फसवणूक' हा होता.

तिला त्या रात्री जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे. नव्याने उतरणाऱ्यांना हे कोणी आधी सांगत नाही. खातं कसं उघडायचं, पैसे खात्यात कसे येतात, हे सगळे शिकवतात. कोणी तुम्हाला खोटारडं म्हटल्यावर काय करायचं, ते मात्र ज्याचं त्याने भोगून शिकायचं, अशी रीत पडली आहे.

मी गेली १२ वर्षं पोस्टाची तिकिटं विकते. सासरे इथे नागपुरात अजनीला रेल्वेत होते. पगार झाला की सिव्हिल लाइन्सच्या मुख्य पोस्टात जायचे आणि नवीन तिकीट, त्याचं फर्स्ट डे कव्हर, म्हणजे तिकीट निघालं त्या दिवसाचा शिक्का असलेलं पाकीट, घेऊन यायचे. ते गेल्यावर महाल भागातल्या आमच्या घरात ११ पेट्या उरल्या. रद्दीत घालवायला जीव होईना, म्हणून मी ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर एकेक विकायला लागले. आधी त्यांची भारतातली साइट होती, ती १४ ऑगस्ट २०१८ ला बंद झाली. तेव्हापासून माझं गिऱ्हाईक सगळं परदेशातलं.

आधी शेऱ्यांचं गणित समजून घ्या, म्हणजे अर्धी भीती जाते. पिएर ओमिद्यार यांनी १९९५ मध्ये ही लिलावाची साइट काढली आणि पुढच्याच वर्षी एकमेकांबद्दल शेरा लिहायची सोय केली. सुरुवातीला विकणाराही घेणाऱ्याला लाल शेरा देऊ शकत असे. मग व्हायचं असं, की 'तू मला लाल दिलास, घे तुलाही लाल.' त्या धाकाने घेणारे खरी तक्रारही लिहीनात. म्हणून २००८ पासून विकणाऱ्याचा हा हक्क काढून घेतला. आज गिऱ्हाईक तुम्हाला लाल देऊ शकतं, तुम्ही त्याला फक्त हिरवा, म्हणजे चांगला, देऊ शकता. नव्यांना हे फार लागतं. मलाही लागायचं. पण जुनी पद्धत वाचल्यावर वाटलं, पैसे आधी देणारा तो, वस्तू न पाहता घेणारा तो. बोलायचा पहिला हक्क त्याचाच असावा.

खात्यावर दिसणारी हिरव्या शेऱ्यांची टक्केवारी मागच्या १२ महिन्यांची असते आणि मधला, ना लाल ना हिरवा, असा शेरा त्यात धरत नाहीत. तुम्हाला वर्षभरात ४० शेरे मिळाले आणि त्यात एक लाल असेल तर ९७.५ टक्के. ४०० मध्ये एक असेल तर ९९.७५. म्हणजे तोच शेरा, तेच शब्द, पण नव्या माणसाला दहापट बोचतो. त्यावर उपाय रडणं नाही, लहान-लहान वस्तू जास्त संख्येने विकणं हा आहे. पहिल्या वर्षी मी ४०-५० रुपयांची वापरलेली तिकिटंसुद्धा तेवढ्याच काळजीने पाठवली, ती कमाईसाठी नव्हे.

मिशिगन विद्यापीठाचे पॉल रेझनिक, हार्वर्डचे रिचर्ड झेकहाउझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईबेवर एक प्रयोग केला होता, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच माणसाने एकसारखी जुनी पोस्टकार्डं काही आपल्या जुन्या, नाव कमावलेल्या खात्यावरून आणि काही नव्याकोऱ्या खात्यांवरून विकली. जुन्या खात्याला सुमारे ८ टक्के जास्त किंमत मिळाली. याहून मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. काही नव्या खात्यांवर एक-दोन वाईट शेरे होते, त्यांच्या किमतीत लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. त्या मुलीला मी हे दोनदा सांगितलं. एका लाल शेऱ्याने दुकान बुडत नाही. त्यावर तुम्ही जे करता, त्याने बुडू शकतं.

माझं बुडता बुडता राहिलं, ते सांगते. तिसऱ्या वर्षी जर्मनीतल्या एकाने माझ्याकडून एक जुनं कव्हर घेतलं. लिलावात शेवटच्या मिनिटाला दोघांची जुंपली आणि किंमत माझ्या अंदाजाच्या तिप्पट गेली. मी खुशीत. तीन आठवड्यांनी लाल शेरा: 'मागे तपकिरी डाग, लपवले.' माझं डोकं फिरलं. मी कव्हर पाठवलं तेव्हा तर स्वच्छ होतं! रात्री दीड वाजता मी जाहीर उत्तर लिहिलं, 'खोटं बोलतोस, डाग तुझ्याच घरी पडले.' सकाळी शांतपणे माझे फोटो उघडले. मागच्या बाजूचा फोटो मी काढलाच नव्हता. पेटीतली बाकीची कव्हरं उलटवून पाहिली, तर चार-पाचांवर तेच डाग. जुना डिंक पावसाळ्यातली ओल धरतो आणि त्याला तपकिरी ठिपके पडतात. माझ्या घरात पडले होते ते, त्याच्या नव्हे.

जाहीर उत्तर एकदा दिलं की बदलता येत नाही. ते तसंच राहिलं. पुढे एका प्रदर्शनात पुण्याचे एक वयस्कर संग्राहक भेटले. म्हणाले, "ताई, तुमचा माल चांगला आहे. पण तुमचं ते उत्तर वाचलं आणि मी बोली लावली नाही." लाल शेऱ्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. तेव्हा मला कळलं, की ते उत्तर त्या जर्मन गृहस्थासाठी नव्हतंच. तो पुन्हा माझ्या पानावर येणार नव्हता. वाचणार होता तो पुढचा माणूस.

लिलावाची एक गोष्ट ठरलेल्या किमतीच्या विक्रीत नसते. लिलावात माणूस ईर्षेला पडून ठरवल्यापेक्षा जास्त देऊन बसतो. दुसऱ्या दिवशी ईर्षा उतरते आणि वस्तू हातात आली की तो तिच्यात खोट शोधायला लागतो. तो वाईट माणूस असतो असं नाही. माझ्या अनुभवात कटकटीची बरीचशी गिऱ्हाइकं अशा चढलेल्या लिलावांतून आली. म्हणून किंमत अनपेक्षित वर गेली की मी खूश होण्याआधी त्या वस्तूचं वर्णन पुन्हा वाचते. काही राहिलं असेल तर पाठवण्याआधीच लिहिते, 'उजव्या कोपऱ्याला बारीक घडी आहे, ती वर्णनात राहिली. नको असेल तर व्यवहार रद्द करू.' फार थोडे रद्द करतात.

काही जण बोली जिंकून गप्प बसतात. पैसे न देता चार दिवस गेले की व्यवहार रद्द करता येतो आणि तशी नोंद गिऱ्हाइकाच्या खात्यावर होते. खाली दुसऱ्या नंबरवर जो असेल, त्याला त्याच्या बोलीच्या किमतीत वस्तू देऊ करता येते. यात जीव जाळू नका.

फोटोंवर मात्र जीव ओता. नागपूरच्या मे महिन्यात आठ वाजता ऊन डोळ्यांवर यायला लागतं, म्हणून मी सात ते साडेसात या वेळात गॅलरीत काढते. तिकीट काळ्या कागदावर ठेवायचं, म्हणजे कडेचे दाते मोजता येतात. शेजारी स्टीलची पट्टी. पुढची बाजू, मागची बाजू, मग चारही कोपरे. वापरलेलं तिकीट असेल तर पोस्टाचा शिक्का ठळक दिसला पाहिजे, कारण शिक्का म्हणजे त्या तिकिटाचा अंगठ्याचा ठसा. एकसारखी हजार तिकिटं असतील, पण शिक्क्याची रेघ नेमकी कुठून गेली ते दुसऱ्या तिकिटावर जसंच्या तसं सापडत नाही.

याचा उपयोग कसा होतो, ते पाहा. १९६६ सालचं डॉ. आंबेडकरांचं १५ पैशांचं तिकीट मी एका परदेशी गिऱ्हाइकाला विकलं. दीक्षाभूमीच्या गावातलं म्हणून त्याला हवं होतं. महिन्याने त्याने 'वर्णनाप्रमाणे नाही' म्हणून परत केलं. पाकीट उघडलं तर तिकीट तेच, पण खालचे दोन दाते तुटलेले. क्षणभर मलाच वाटलं, आपलंच चुकलं असेल. मग दोन्ही फोटो शेजारी ठेवले. माझ्या तिकिटावर शिक्क्याची कड '१५' च्या एकाला चिकटून गेलेली, परत आलेल्यावर ती पाचावरून. त्याने स्वतःकडचं फाटकं तिकीट माझ्या गळ्यात मारलं होतं. मी त्याला एकही कडू शब्द लिहिला नाही. दोन फोटो आणि दोन ओळी साइटकडे पाठवल्या. निकाल माझ्या बाजूने लागला.

दुसरा प्रकार धमकीचा. 'निम्मे पैसे परत कर, नाहीतर लाल देतो.' पहिल्यांदा असा निरोप आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "देऊन टाक नं वो बाई, काहून डोक्याला ताप करून राहिली?" त्यांच्या मायेचं मला कळतं, पण असे पैसे देऊ नका. एकाला दिले की त्याला सवय लागते, आणि पुढच्या नव्या विक्रेत्यालाही तो तेच करतो. वस्तूत खरी खोट असेल तर पूर्ण पैसे द्या, वस्तू परत घ्या. स्वस्त वस्तू असेल तर परत मागवूही नका, परदेशातून येणारं टपाल तिच्याहून महाग पडतं. पण धमकीला उत्तर एवढंच: 'वस्तू परत करा, पूर्ण पैसे मिळतील.' आणि हे सगळं साइटच्या निरोपांतच झालं पाहिजे. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर या म्हणेल, जाऊ नका. शेऱ्याची भीती घालून जास्तीचं मागणं नियमाबाहेर आहे, तिथला पुरावा असेल तर असा शेरा काढला जातो. फोनवर झालेल्या बोलण्याला तिथे काही किंमत नाही.

कस्टमच्या कागदावर किंमत कमी लिहा, किंवा 'भेटवस्तू' लिहा, अशी विनंती अगदी गोड शब्दांत येते. नाही म्हटलं की तोच माणूस रुसतो. तरी नाहीच म्हणायचं, सही आपली असते. तसंच, आमच्या महालातल्या वाड्यांतून जुनी नाणी, मूर्ती निघतात, आणि नवी मुलं विचारतात, बाहेर विकू का. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने १०० वर्षांहून जुनं नाणं किंवा कलावस्तू अशी खाजगीत देशाबाहेर पाठवता येत नाही. गिऱ्हाईक कितीही गळ घालो. मी ११ पेट्यांतलंही स्वातंत्र्यानंतरचंच बाहेर विकते.

घरच्यांनी खोट्या बोल्या लावून किंमत चढवणं, मैत्रिणींकडून खोटे हिरवे शेरे लिहून घेणं, हेही मला लोक विचारतात. माझ्या नणंदेच्या मुलाने आपणहून एकदा बोली लावली होती, मी त्याच रात्री त्याला फोन करून ती काढायला लावली. आपल्याकडच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत विक्रेत्याने ग्राहकाचं सोंग घेऊन शेरा लिहायला बंदी आहे. आणि नियम नसता तरी, ज्याला स्वतःच्या खात्यावरच्या खोट्या लाल शेऱ्याने रडू येतं, त्याने खोटा हिरवा कसा लावायचा?

सगळ्यात अवघड काळ गेला तो २०२५ चा. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलवरची शुल्कमाफी २९ ऑगस्टपासून काढली. शुल्क कोणी, कसं गोळा करायचं हे स्पष्ट नसल्याने विमान कंपन्या माल उचलेनात, आणि २५ ऑगस्टपासून आपल्या टपाल खात्याने अमेरिकेची पार्सलं घेणं थांबवलं. ते १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झालं. माझी १४ पाकिटं अडकली. दोष कोणाचाच नव्हता, पण गिऱ्हाइकाला दिसतं ते माझं नाव. त्यांनी विचारायच्या आत मी प्रत्येकाला लिहिलं, काय झालंय, किती दिवस लागतील सांगता येत नाही, पैसे आज परत हवे असतील तर आज देते. पाच जणांनी घेतले, आठ थांबले. एकाने काही न बोलता लाल दिला. त्याच्याखाली मी बंदीची तारीख आणि पैसे परत केल्याची तारीख, एवढंच लिहिलं. त्यानंतर दोन नव्या गिऱ्हाइकांनी तेच उत्तर वाचून मला आधी विचारलं आणि मग बोली लावली.

शेरा बदलायची विनंतीही करता येते, पण शेरा मिळाल्यापासून ३० दिवसांत, आणि अशा विनंत्या मोजक्याच मिळतात. गिऱ्हाइकाला उत्तराला १० दिवस असतात. आधी त्याचा प्रश्न सोडवायचा, मग विचारायचं. रागावलेल्या माणसाकडे ती वाया घालवू नये.

त्या रात्री मुलीला मी चहा दिला आणि फोन उलटा ठेवायला लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती परत आली. तिने विकला होता पितळेचा अडकित्ता, वर्णनात 'जुना' लिहिलं होतं, वापरलेला आहे हे लिहिलं नव्हतं, आणि पात्यावरचा डाग फोटोत अंधारात गेला होता. तिने पहिलं उत्तर लिहिलं: 'मी फसवलेलं नाही, तुम्ही नीट वाचलं नाही.' खोडलं. दुसरं लिहिलं तर पार माफीपत्रच झालं, अर्धं पान, त्यात आईचं आजारपणही आलेलं. तेही खोडलं. तिसरं लिहायला आम्हाला पाऊण तास लागला, आणि ते आज तिच्या खात्यावर आहे: 'पात्यावरचा डाग माझ्या फोटोत दिसत नव्हता. पैसे १८ जूनला परत केले. आता फोटो उजेडात काढते.'