पात्राला तपासायला बसू नका: साहित्यातलं अंधत्व अभ्यासताना

साहित्य आणि मनोविकार किंवा साहित्य आणि वैद्यक असा जोडविषय प्रबंधाला घेतलात, आणि त्यातही अंधत्व निवडलंत, तर सुरुवातीला तुम्ही एक उद्योग हमखास कराल. एका हातात लक्षणांची यादी, दुसऱ्या हातात कादंबरी, आणि या पात्राला नेमका कुठला आजार आहे याचा शोध. करू नका. हे मलाही सांगितलं गेलं होतं, पण का करू नये ते कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून इथे जरा लांबण लावते.

धृतराष्ट्र घ्या. 'पुत्रप्रेमाने आंधळा' हे आपण लहानपणापासून ऐकतो. मेंदूविज्ञान वाचायला घेतलं की कधीतरी अँटन सिंड्रोम भेटतो. मेंदूच्या मागच्या भागाला दोन्ही बाजूंनी इजा होते, बहुधा पक्षाघाताने. दृष्टी जाते, पण आपल्याला दिसत नाही हे त्या माणसाला पटतच नाही. समोरच्या खोलीचं वर्णन तो बिनदिक्कत करतो, आणि ते साफ चुकीचं असतं. हे वाचलं आणि मला वाटलं, सापडला धृतराष्ट्र! त्यावर एक अख्खं प्रकरण झालं. वाचायला देखणं होतं, हे अजूनही म्हणेन.

मूळ ग्रंथापुढे मात्र ते टिकलं नाही. आपण आंधळे आहोत हे धृतराष्ट्राला पक्कं ठाऊक आहे. त्यापायीच तर राज्य पांडूकडे गेलं. मुलं चुकताहेत हेही ठाऊक आहे. विदुराशी, संजयाशी बोलताना तो ते कबूल करतो. युद्धाआधी व्यास दृष्टी देऊ करतात तेव्हा तो नको म्हणतो, कारण आप्तांचा संहार त्याला पाहायचा नाही. म्हणजे सगळं कळतं, वळत नाही. त्याला सिंड्रोम चिकटवला की त्याच्या अंगावरची जबाबदारी गळून पडते, आणि महाभारत तर तीच त्याच्याकडून मागतं आहे.

निदान करायला पूर्वेतिहास लागतो, तपासणी लागते, लक्षणं किती काळ टिकली ते पाहावं लागतं, दुसरी कारणं एकेक करून बाद करावी लागतात. पात्राच्या बाबतीत यातलं काहीच हातात नसतं. पुस्तकाबाहेर त्याला डोळ्याची नससुद्धा नाही.

पोर्तुगीज कादंबरीकार जुझे सारामागोने हे आधीच ओळखलं होतं. त्याच्या १९९५ च्या कादंबरीत अंधत्वाची साथ पसरते. रुग्णांना काळोखाऐवजी दुधासारखं पांढरं दिसतं. गोष्टीत एक नेत्रतज्ज्ञ आहे. तो पुस्तकं उघडतो, ओळखीचे विकार आठवतो, कशातच हे बसत नाही असं त्याच्या लक्षात येतं, आणि मग तो स्वतःच आंधळा होतो. निदानाचं दार लेखकाने आतून बंद केलं आहे. तरीही या कादंबरीत न्यूरॉलॉजी शोधणारे निबंध लिहिले जातात. असो.

मग वैद्यक वाचूच नये का? उलट, भरपूर वाचा. फक्त प्रश्न बदला. मजकूर वैद्यकापासून कुठे सुटतो ते शोधा, लेखकाचा हात तिथेच दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत अंधत्व ३/६० च्या खाली सुरू होतं: निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसणारं ३ मीटरवरूनही दिसत नाही. म्हणजे या व्याख्येने अंध असलेल्या कितीतरी जणांना उजेड, हालचाल, काही रंग कळतात. काचबिंदूत आधी कडेची नजर जाते. मॅक्युलाच्या, म्हणजे डोळ्यातल्या पडद्याच्या मध्यभागाच्या, ऱ्हासात मधली जाते, कडा उरतात. दृष्टी गमावलेला अर्जेंटिनाचा लेखक बोर्हेस सांगायचा की त्याला काळोख दिसतच नाही, आणि पिवळा रंग शेवटपर्यंत साथ देत राहिला. हे माहीत असलं की कथेतला सरसकट काळोख ही लेखकाने केलेली निवड आहे, हे चटकन दिसतं. आणि गांधारीला धृतराष्ट्राच्याच खणात टाकू नका. तिचे डोळे ठणठणीत आहेत. पट्टी हा तिचा निर्णय आहे.

मनोविकारांच्या बाजूला दोन गोष्टी तरी नीट समजून घ्या. डोळे, नसा, मेंदू सगळं शाबूत असताना दृष्टी जाऊ शकते, आणि तो माणूस सोंग करत नसतो. 'नाटक' हा शब्द प्रबंधातून काढून टाका. दुसरं, चार्ल्स बॉने सिंड्रोम: नजर गेलेल्यांना माणसं, आकृत्या, नक्षी दिसू लागतात. बॉनेने १७६० मध्ये आपल्या आजोबांबद्दल हे नोंदवलं. आजोबांचं डोकं ठिकाणावर होतं. वेडे ठरू या भीतीने पुष्कळ जण हे लपवतात. एखाद्या कथेतल्या आंधळ्या आजीला भूत दिसलं तर लगेच वेड किंवा चमत्कार म्हणण्याआधी थांबा.

इंग्रज लेखक एच. जी. वेल्सची १९०४ मधली आंधळ्यांच्या दरीची कथा तर निदानाचीच फिरकी घेते. डोळस माणूस तिथे रोगी ठरतो. वैद्य त्याला तपासून सांगतो की बिघाड या दोन हलणाऱ्या गोळ्यांमुळे आहे, ते काढले की हा बरा होईल. विकार कुणी ठरवायचा, हा प्रश्न प्रबंधात घालायचा असेल तर माझ्या मते सगळ्यात आधी ही कथा वाचा.

शॉर्टकटबद्दल: डोळ्यांवर पट्टी बांधून तासभर वावरण्याच्या कार्यशाळा मला पटत नाहीत. त्यात कळते ती पहिल्या तासाची घबराट, वर्षानुवर्षं तसं जगणाऱ्याचं कसब नाही. त्यापेक्षा अंध लेखकांनी स्वतः लिहिलेलं वाचा. आणि गाईड सिद्धान्तांची जंत्री देणारे असोत वा नसोत, समासात 'हे कुठल्या पानावर आहे?' असं लिहिणारे मिळाले तर त्यांना सोडू नका. तेव्हा राग येतो, मलाही यायचा.

पहिला मसुदा निदानांनी भरला असेल तर घाबरू नका, फाडूही नका. प्रत्येक निदानासमोर त्याला न जुमानणारी ओळ मजकुरातून काढून लिहा. प्रकरणाचा अर्धा कच्चा माल तिथेच मिळतो. व्हायवाला 'पण याला नेमकं झालं काय होतं?' असं कुणीतरी विचारणारच. तेव्हा रोगाचं नाव घेऊ नका, ती ओळ वाचून दाखवा.